खगोलशास्त्राच्या प्रवेशासाठी घेतलेला सल्ला आणि साडेचार हजारांचा हिशेब

माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला खगोलशास्त्रच करायचे आहे. आमच्या घरात या विषयातले कोणीही नसल्यामुळे दिवाळीनंतर आम्ही नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका करिअर मार्गदर्शन केंद्रात साडेचार हजार रुपये भरून नाव नोंदवले. मी नोकरदार माणूस असून धाकटा मुलगा अजून शाळेत आहे, त्यामुळे कर्ज न काढता होईल तेच शिक्षण हवे, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. या अटीवर त्यांची सेवा कितपत उतरली, एवढेच येथे लिहितो.

केंद्र स्वच्छ आहे, दिलेली वेळ पाळतात आणि कलचाचणीचा अहवाल ठरल्या दिवशी हातात पडतो. मुलीचे गणित पक्के आणि पाठांतर कच्चे, हा त्यातला निष्कर्ष तिच्या आईने फुकट सांगितला असता. पण तो चुकीचा नव्हता.

अडचण प्रत्यक्ष समुपदेशनात आली. मॅडमनी समोर ठेवलेल्या छापील तक्त्यात खगोलशास्त्राचा रकानाच नव्हता. ‘एरोस्पेस’च्या खाली त्यांनी पेन्सिलीने तो शब्द लिहिला आणि त्यापुढे एका खासगी विद्यापीठाचे नाव घातले. चार वर्षांचे शुल्क बारा लाख, वसतिगृह वेगळे. अग्निबाण बांधणे हे अभियांत्रिकीचे काम आणि ताऱ्यांचा अभ्यास हे भौतिकशास्त्राचे, हा फरक तिथे कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही. मुलीने पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेबद्दल विचारले, तेव्हा ‘हो, बारावीनंतर तिथेही फॉर्म भरता येतो’ असे उत्तर मिळाले आणि तिने टेबलाखालून माझा पाय दाबला. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 1988 साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रमच नाही. विद्यार्थी तिथे पीएच.डी.साठी जातात, हे तिला आधीच ठाऊक होते.

जर्मनीत शुल्क लागत नाही, असेही ओझरते सांगितले गेले. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरते ते खरे आहे. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो भरावे लागतात, पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. ‘मोफत’ म्हणण्याआधी हा आकडा सांगायला हवा होता.

आम्हाला उपयोगी पडला तो भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा अर्धा तास. ते म्हणाले, ‘पदवीवर काय छापलंय, हे पुढे कोणी विचारत नाही. भौतिकशास्त्र आणि गणित किती झालंय, ते बघतात.’ पुण्याच्या आयसर या मूलभूत विज्ञानाच्या सरकारी संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम त्यांनी पहिला सुचवला. त्याखालोखाल मुंबईच्या कालिना संकुलातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्राचा एकात्मिक एम.एस्सी., ज्यासाठी नेस्ट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडे जमले नाही, तर नाशिकमध्येच आरवायके किंवा केटीएचएम महाविद्यालयात घरी राहून बी.एस्सी. भौतिकशास्त्र करावे आणि मग पुणे विद्यापीठात किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करावे. खगोलशास्त्र याच नावाची एम.एस्सी. हवी असेल, तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ती आहे. आयआयटी इंदूरला 2023 पासून अवकाशविज्ञानाचे बी.टेक. सुरू झाले आहे, पण त्याची वाट जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून जाते आणि मुलीची तेवढी तयारी नाही. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इन्स्पायर ही वर्षाला 80,000 रुपयांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. स्वस्त पर्याय विचारायला गेलेल्या पालकाला केंद्राने या शिष्यवृत्तीचे नावही सांगू नये, हे मला सर्वांत खटकले.

विज्ञान दिनाला आम्ही एसटीने नारायणगाव आणि तिथून खोडदला जाऊन आलो. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांपैकी एक जवळून पाहिली: 45 मीटर व्यासाची ती तबकडी म्हणजे तारांची जाळीच असते आणि तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते. वारा त्या जाळीतून निघून जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी कमी पोलादात उभी राहते, असे तिथल्या एका विद्यार्थ्याने समजावले. तो स्वतः बी.एस्सी. भौतिकशास्त्रच करून आलेला होता.

वाणिज्य किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना हे केंद्र कदाचित पुरेसे असेल, कारण तक्त्यात त्यांचे रकाने भरगच्च होते. मूलभूत विज्ञानासाठी मात्र मी पाचपैकी दीड गुण देईन, तेही चाचणीसाठी. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या विद्यापीठातून आजवर तीन फोन आले, त्यातला एक शैक्षणिक कर्जाबद्दल होता. पैसे परत मागितले, तेव्हा केंद्राने धाकट्याच्या दहावीनंतरच्या समुपदेशनात निम्मी सवलत देऊ केली. आम्ही ती घेतली नाही.