कोल्हापुरात भिंतीला काय घ्यावं: भट्टीची वीट, एएसी ब्लॉक की जांभा?

कोल्हापुरात घर काढायचं म्हटलं की भिंतीसाठी तीन माल समोर येतात: भट्टीची लाल वीट, कारखान्याचा एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचा, वाफेवर पक्का केलेला हलका काँक्रीटचा ठोकळा) आणि घाटाकडचा जांभा. दर तिघांचेही लगेच मिळतात. पण त्या भिंतीत किती कोळसा, डिझेल, सिमेंट आणि माती जिरणार हे कोटेशनवर कुणी लिहीत नाही. ते मोजता येतं आणि मोजायचं तर माल ठरवण्याआधीच.

बहुतेक तुलना बिघडतात त्या एककावर. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या आकडेसंग्रहात एएसी तयार करायला किलोमागे ३.५ मेगाज्यूल ऊर्जा धरली आहे आणि विटेला ३. एवढंच वाचलं तर वीट सरस वाटते. पण एएसीचा घनमीटर ६०० किलोच्या आसपास भरतो, विटेचा १७०० ते १८००. भिंत आपण किलोवर बांधत नाही. म्हणून एकक असं धरा: आतून-बाहेरून पूर्ण झालेली, ६० वर्षं वापरायची, १ चौरस मीटर बाहेरची भिंत. मालाच्या जन्मापासून शेवटापर्यंतचा परिणाम मोजण्याच्या आयएसओ १४०४० या मानकातही आधी हेतू आणि एकक ठरवायचं, मग माल-इंधनाची यादी करायची आणि त्यानंतरच परिणाम काढायचा, असा क्रम आहे.

विटेचा हिशोब सर्वांत पक्का आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ साली एका विटेला सरासरी ४.२५ मेगाज्यूल आणि १:६ मसाल्यासह (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) वीटकामाच्या घनमीटरला २१४१ मेगाज्यूल असा आकडा दिला. नऊ इंची भिंतीच्या चौरस मीटरला त्यातले ४९२ येतात, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास १३७ युनिट. दोन्ही बाजूंच्या प्लास्टरला दहा किलोच्या वर सिमेंट जातं, किलोमागे ५.८५ मेगाज्यूल धरले तर आणखी ६०. भट्टी २५ किलोमीटरवर असेल तर वाहतुकीचे १०-१२. एकूण ५६५ च्या घरात.

मात्र हा आकडा तुमच्या भट्टीचा नाही. भट्टीवाल्याला सरळ विचारा: लाखभर विटांच्या आव्याला कोळसा किती टन लागतो? विटेमागे २०० ग्रॅम, म्हणजे लाखाला २० टन, हा अंदाजाचा पाया. कोळशाबरोबर बगॅस (उसाचं चिपाड) किंवा भुसा जाळत असतील तर ऊर्जा तेवढीच लागते, पण कार्बनचा हिशोब बदलतो, कारण त्या पिकाने तो कार्बन अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. ऊर्जा आणि कार्बन हे दोन रकाने म्हणूनच वेगळे ठेवा. तिसरा रकाना मातीचा. चौरस मीटरला सुमारे १०० विटा, वीट ३ किलोची. २०० चौरस मीटर भिंतीच्या घरात ६० टन भाजलेली माती बसते. ती नदीकाठची गाळाची, ऊस पिकवणारी माती असेल, तर हे नुकसान मेगाज्यूलमध्ये दिसत नाही आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठं आहे.

एएसीची २०० मिलिमीटर भिंत चौरस मीटरला १२० किलो, म्हणजे ४२० मेगाज्यूल. प्लास्टरचे ६० तेवढेच. ब्लॉक पुण्याच्या बाजूने २३० किलोमीटरवरून आला तर टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर न्यायला) १.१ मेगाज्यूल धरून ३० वाढतात. पातळ सांध्याचं चिकट मिश्रण सहा-सात किलो लागतं, ते धरून बेरीज सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे विटेशी जवळजवळ बरोबरी, आणि ४२० चा पाया ब्रिटिश सरासरीचा आहे. त्यामुळे कारखान्याकडून त्यांच्या मालाचं पर्यावरणीय घोषणापत्र, म्हणजे ऊर्जा-कार्बनच्या आकड्यांचा कागद, मागा.

एएसीचा खरा फायदा वजनात आहे. नऊ इंची वीटकाम चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात, एएसी १२०. चार-पाच मजली आरसीसी इमारतीत हा फरक कॉलम-बीम आणि पायापर्यंत पोचतो, आणि सळईला किलोमागे ४२ मेगाज्यूल लागतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन्ही भिंतींचे भार धरून दोनदा डिझाइन करायला सांगा आणि सळईच्या किलोंमधला फरक लिहून घ्या. एकमजली घरात हा फरक फारसा निघत नाही. भिंत थंड राहते हेही खरं, पण घरात एसी नसेल तर त्यातून वीज वाचत नाही, आराम मिळतो. दुपारचा उकाडा मुख्यतः छतातून येतो.

जांभ्याचे आकडे बघून आधी विश्वास बसत नाही. चिरा, म्हणजे खाणीत कापलेला जांभ्याचा ठोकळा, भाजावा लागत नाही. १४ बाय ९ बाय ७ इंचाचे साधारण १४ चिरे एका चौरस मीटरला. सांधे १२ मिलिमीटरचे राखले तर मसाल्याचे २८ मेगाज्यूल, आतल्या जाड प्लास्टरचे ३०; बाहेरून जांभा उघडाच. जवळपास ४८० किलोचा दगड १०० किलोमीटरवरून आणायला ५३. बेरीज ११० च्या आसपास, विटेच्या पाचव्या हिश्शाएवढी. कटिंग मशिनचं इंधन यात नाही. खाणीवर दिवसाचं डिझेल आणि दिवसाचे चिरे विचारा, लिटरला ३६ मेगाज्यूल धरा आणि भागाकार करा. कोकणातून भरलेला ट्रक आंबा घाट चढून येतो, परत रिकामा जातो. म्हणून वाहतूक दुप्पट धरली तरी जांभाच पुढे राहतो.

जांभा बिघडतो तो निवडीत. चिरे वेडेवाकडे असले की सांधा २५ मिलिमीटरवर जातो आणि मसाला दुपटीने लागतो. खाणीतला ताजा दगड मऊ असतो. तीनेक महिने उघड्यावर ठेवून मगच वापरावा. पाच-सहा चिरे निवडून उन्हात सुकवा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ३२ किलोचा चिरा ३५.२ झाला तर शोषण १० टक्के. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भारतीय मानकाची, आयएस ३६२० ची, मर्यादा १२ टक्के आहे. ३६.५ भरला तर गाडी परत पाठवा. चिऱ्यात पिवळ्या-पांढऱ्या मातीची भोकं दिसली तरी तेच करा, पावसात ती माती वाहून जाते. खाणीचा परवानाही बघा. सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) फुलं आणि पाणथळ जागा एकदा कापल्या की भरून येत नाहीत.

वापराच्या ६० वर्षांत दर सहा वर्षांनी बाहेरून रंग काढला तर तो नऊ वेळा होतो. उघड्या जांभ्याला रंग लागत नाही, पण शेवाळ घासावं लागतं आणि सांधे अधूनमधून भरावे लागतात.

प्लॉट पूररेषेत असेल, प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीकडचा, तर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर मारा आणि त्याखाली एएसी व जिप्सम प्लास्टर टाळा. एएसी पाणी पितो आणि सावकाश वाळतो. जिप्सम खरवडून पुन्हा करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी तो माल हिशोबात नव्याने चढतो. खुणेखाली वीट किंवा जांभा आणि सिमेंटचं प्लास्टर करा, वर हवं तर एएसी.

पाडताना १:६ मसाल्यातला चिरा बऱ्यापैकी सुटा निघतो आणि पुन्हा लागतो. १:३ मसाला वापरलात तर निघताना दगडच फुटतो. एएसीचा चुरा बहुतेकदा भरावातच जातो.

तळमजला किंवा एक मजली घर, पश्चिमेकडे परवान्याची खाण, चाचणीत पास दगड: जांभा घ्या. चार मजली किंवा त्याहून उंच आरसीसी: सळईचा फरक कागदावर आल्यावर एएसी. वीट तेव्हाच, जेव्हा भट्टी जवळ आहे, इंधनाचा आकडा भट्टीवाला सांगतो आणि माती कुठल्या शेतातली आहे हे तुम्हाला माहीत आहे.