लिनक्स मिंट २२ : लाइट गेल्यावर पुन्हा उठतं का?

मिंट २२ (विंडोजऐवजी वापरायची लिनक्सची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) दिसायला कसं आहे, यावर ढीगभर लिहून झालंय. इथे प्रश्न एकच. रावेरकडच्या केळीच्या ऑफिसात किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर, यूपीएसची बॅटरी बसलेल्या जुन्या पीसीवर ते सकाळी उठलं नाही, तर उठवता येतं का? येतं. पण इन्स्टॉल केल्यावर सेटिंग जशीच्या तशी ठेवली असेल, तर काय बिघडलंय ते आधी दिसतच नाही.

मिंटवर आमचा मुख्य राग हाच. मशिनवर एकटं मिंट असलं की ग्रबचा (सुरू होताना काय चालवायचं ते निवडून देणारा प्रोग्रॅम) मेन्यू लपवलेला असतो आणि 'क्वाएट स्प्लॅश' या सेटिंगमुळे कर्नलचे (सिस्टिमचा गाभा) मेसेज लोगोमागे दडतात. पहिल्याच दिवशी ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये (/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब) टाइमआउट स्टाइल 'मेन्यू' करा, टाइमआउट ५ ठेवा, 'क्वाएट स्प्लॅश' काढा आणि टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिन म्हणून) अपडेट-ग्रब चालवा. हे राहून गेलं असेल तर यूईएफआय मशिनवर (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) सुरू होताना एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. एस्केप जास्त वेळा दाबला गेला की नुसतं 'ग्रब>' येतं. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप.

लाइट गेल्यानंतरचा नेहमीचा पाहुणा म्हणजे 'इनिटरामएफएस' (कर्नलसोबत आधी लोड होणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) असा प्रॉम्प्ट. घाबरून फॉरमॅट मारू नका. वरच्या ओळींत कोणतं पार्टिशन हाताने तपासायचं ते लिहिलेलं असतं, समजा एसडीए२. एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२ चालवा, मग एक्झिट. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. लाइट न जाताही हेच पुन्हा पुन्हा आलं, तर संशय डिस्कवर घ्या. मिंटमधलं 'डिस्क्स' अ‍ॅप उघडून स्मार्टचे (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) आकडे बघा. पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे) वाढत असतील तर आधी डेटा दुसरीकडे हलवा. फक्त यूडीएमए सीआरसीचा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) आकडा वाढतोय? मग डेस्कटॉपमध्ये साटा केबल बदलून बघा. स्वस्तात सुटतं.

खरा घोळ अपडेट चालू असताना लाइट गेल्यावर होतो. 'कर्नल पॅनिक', 'अनेबल टू माउंट रूट एफएस' आणि शेवटी 'अननोन-ब्लॉक(०,०)' दिसलं, तर नव्या कर्नलचा इनिटरामएफएस अर्धवट राहिलाय किंवा बनलाच नाही. वेगळं बूट पार्टिशन भरलं तरी हेच होतं. ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा. आत गेल्यावर डीएफ -एच ने जागा बघा, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवून अर्धवट अपडेट पुरं करा आणि एपीटी ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढा. मग अपडेट-इनिटरामएफएस -सी -के, पुढे नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक, आणि शेवटी अपडेट-ग्रब. सगळं सुडो लावून. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल आपोआप काढायची सोय आहे. ती चालू करा, पण निदान एक जुना कर्नल शिल्लक राहू द्या.

'एसीपीआय बायोस एरर' जवळजवळ सगळ्याच लॅपटॉपवर येतं, सोडून द्या. 'पीसीआयई एईआर करेक्टेड एरर'चा (मदरबोर्डवरच्या कार्डांशी बोलताना झालेल्या, आपोआप सुधारलेल्या चुकांची नोंद) मात्र पूर आला तर लॉग फुगून डिस्क भरते. त्याला बरेच जण ग्रबच्या फाइलमध्ये, 'क्वाएट स्प्लॅश' होतं त्याच ओळीत, पीसीआय=नोएईआर लावतात. त्याने फक्त ओरडा बंद होतो. आधी तिथेच पीसीआयई_एएसपीएम=ऑफ (पीसीआयईची वीजबचत बंद) लावून बघा.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की 'सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड' येतं, म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसरचा वेग कमी केलाय. इथे सॉफ्टवेअरशी झटायचं काही नाही. फॅनमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

मिंटची जमेची बाजू म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. त्यात बूट रिपेअर (ग्रब दुरुस्त करणारं) आणि टाइमशिफ्ट (सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची प्रत, ठेवणारं) दोन्ही असतात, त्यामुळे मशिन अजिबात उठलं नाही तरी बाहेरून जुना स्नॅपशॉट बसवता येतो. स्नॅपशॉटची डिस्क एक्स्ट४सारख्या लिनक्सच्या फॉरमॅटची हवी, नेहमीचा फॅट३२ पेनड्राइव्ह टाइमशिफ्ट घेत नाही. आणि बिलांच्या फायली होम फोल्डरमध्ये असतील तर त्यांची कॉपी वेगळी ठेवा, कारण सेटिंग बदलल्याशिवाय टाइमशिफ्ट होममधल्या फायली धरत नाही.

आमच्याकडून पाचपैकी चार. एक गुण लपवलेल्या मेन्यूपायी कापलाय.