मिजेटमध्ये जिप्सीचं इंजिन: आठ महिने आणि एक अख्खा पावसाळा

गाडी 1970 ची एमजी मिजेट, दोन सीटची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळ इंजिन 1275 सीसीचं ए-सिरीज, 65 बीएचपीचं. त्या जागी बसवलंय मारुती जिप्सी किंगचं जी13बीबी: 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन), 80 बीएचपी, सोबत जिप्सीचाच पाच गिअरचा बॉक्स. मागचा एक्सल मूळचा, 3.9 रेशोचा. आठ महिन्यांत 5,400 किलोमीटर झाले, त्यातला मोठा भाग रत्नागिरी ते गुहागर सागरी महामार्गावर आणि आंबा घाटात.

पंधरा बीएचपी वाढले हा या बदलातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरा फरक वजनात आहे. ए-सिरीज पूर्ण बिडाचं, जी13बीबीचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. बॅटरीही बॉनेटखालून काढून डिकीत नेली. वजनकाट्यावर आधी पुढची, मग मागची चाकं ठेवून मोजलं तेव्हा पूर्वी पुढे 375 आणि मागे 340 किलो होतं; आता पुढे 330 आणि मागे 350. काटा पाच किलोच्या पटीत दाखवतो, त्यामुळे दोन-तीन किलो इकडेतिकडे धरा. म्हणजे पुढचा वाटा 52 टक्क्यांवरून साडेअठ्ठेचाळीसवर आला. साडेतीन मीटरपेक्षा लहान, सातशे किलोच्या गाडीत हा फरक पहिल्याच वळणाला हाताला कळतो.

एमजीच्याच इतिहासात याचे दोन्ही नमुने आहेत. 1967 मध्ये एमजीबीच्या (मिजेटपेक्षा मोठ्या स्पोर्ट्स कारच्या) बॉडीत 2912 सीसीचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन घालून एमजीसी काढली. पुढचं वजन सुमारे 95 किलोंनी वाढलं, त्यासाठी पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पीळ घेणाऱ्या सळ्या) घालावे लागले, तरी नाक जड असल्याची टीका चुकली नाही आणि 1969 मध्ये ती बंद झाली. 1973 मध्ये तीच बॉडी रोव्हरच्या 3528 सीसी अॅल्युमिनियम व्ही-8 सोबत आली. इंजिन जवळजवळ दुप्पट मोठं, पण वजन मूळ चार सिलिंडरच्या आसपास, म्हणून गाडीचा तोल टिकला. इंजिन निवडताना आधी वजन विचारा, बीएचपी नंतर.

जिप्सीचंच का, तर तिचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसपासून (चारही चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीपासून) वेगळा असतो, मध्ये एक छोटा शाफ्ट. त्यामुळे इंजिन आणि बॉक्स गाडीच्या लांबीत, आहेत तसेच, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बसतात, अडॅप्टर प्लेट लागत नाही. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, पण तिचा बॉक्स आडवा, इथे निरुपयोगी.

यातून तीन कामं निघतात, आणि तिन्ही मिस्त्रीला आधीच सांगून ठेवावीत. पहिलं, जिप्सीचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. तीच काढल्यावर केबल लावायला जागाच उरत नाही. प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवर, चुंबक आणि सेन्सर लावून इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यावा लागतो. दुसरं, बॉक्सच्या मागे पक्का फ्लँज आहे. मिजेटच्या मूळ शाफ्टची सरकणारी बाजू बॉक्सच्या आत जाते, ती इथे चालत नाही, म्हणून नव्या शाफ्टमध्येच स्लिप जॉइंट (लांबी कमी-जास्त होऊ देणारा सांधा) हवा. तो नसेल तर मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) दबले की शाफ्ट बॉक्सच्या बेअरिंगला ढकलतो. तिसरं, जिप्सीचा क्लच केबलचा, मिजेटचा हायड्रॉलिक. बेलहाउसिंगवर (क्लचवरच्या कवचावर) ब्रॅकेट करून क्लच ढकलणारा मूळ स्लेव्ह सिलिंडर ठेवता येतो, पण क्लचच्या काट्याची हालचाल मोजूनच रॉडची लांबी ठरवा. कमी पडली तर रिव्हर्स टाकताना दात वाजतात.

फाउंडेशनचे (इंजिन टेकवणाऱ्या रबरी आधारांचे) ब्रॅकेट 5 मिमी पत्र्याचे, त्यांना त्रिकोणी आधार. इंजिन जितकं मागे घेता येईल तितकं घ्यावं. इथे ते फायरवॉलपासून 25 मिमीवर आहे. हेडच्या मागच्या टोकाचे कनेक्टर काढायला बोटं जातील एवढी जागा राखायलाच हवी. संप (इंजिनाखालचा तेलाचा ट्रे) आणि स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारा आडवा दांडा) यांच्यात किमान 15 मिमी. उभ्या गाडीत 8 मिमी पुरेसे वाटतात, पण क्लच सोडताना इंजिन हलतं आणि संप रॅकवर आपटतो. संप कापून बुटका केला असेल तर आत आडवे पडदे वेल्ड करून घ्या, नाहीतर लांब वळणात तेल एका बाजूला जाऊन ते ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि ऑइलचा दिवा लुकलुकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शाफ्टच्या कोनाने. बॉक्सचा फ्लँज आणि डिफरेन्शियलचा फ्लँज समांतर हवेत, दोघांच्या कोनांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. सुरुवातीला फरक दोन अंशांचा होता, आणि ताशी 70 ते 80 च्या दरम्यान सीटखाली घरघर यायची. शाफ्ट दोनदा बॅलन्स करूनही ती गेली नाही, कारण दोष बॅलन्सचा नव्हताच. बॉक्सच्या मागच्या फाउंडेशनखाली पट्टी घालून कोन जुळवला आणि घरघर थांबली. कोन मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, दोन माणसं आत बसलेली. जॅकवर घेतलेलं माप फुकट जातं.

आता चाल. वजन उतरल्यावर नाक 14 मिमी वर आलं. तसंच चालवलं तर गाडी वळणात आधी जास्त झुकते आणि मग वळते. स्प्रिंग कापू नये, कापलेली स्प्रिंग कडक होते आणि हलकं नाक खड्ड्यांवर उड्या मारतं. खालच्या विशबोन (चाक धरणारा आडवा हात) आणि स्प्रिंग पॅनमध्ये स्पेसर टाकून उंची मूळ मापावर आणली. पुढचे लिव्हर-आर्म शॉकअॅब्सॉर्बरच वरच्या विशबोनचं काम करतात, त्यामुळे त्यांच्यात खेळ असेल तर कुठलंच अलाइनमेंट टिकत नाही. टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळवणं) 1.5 मिमी ठेवला आहे.

यानंतर स्टिअरिंग हलकं झालं, पण पोकळ झालं नाही. आंबा घाटाच्या उतारावर पूर्वी ब्रेक सोडून वळण घेताना नाक बाहेर जायचं, आता गाडी आतल्या कडेला धरून राहते. मोबदला मागच्या बाजूला द्यावा लागतो. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला तर शेपूट पूर्वीपेक्षा लवकर सुटतं. पुढे 22 आणि मागे 26 पीएसआय हवा ठेवल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. मागे 24 होती तेव्हा पहिल्या पावसात, रस्त्यावर लाल मातीचा चिखल आलेला असताना, गाडी अस्वस्थ वाटायची. टायर 155/80 आर13.

चढाला मात्र निराशा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ए-सिरीजचा सर्वाधिक जोर (टॉर्क) 3,000 आरपीएमला मिळतो, जी13बीबीचा 4,500 ला. घाटातल्या तीव्र वळणात दुसऱ्या गिअरवर ताशी 30 ला इंजिन जेमतेम 2,100 वर असतं. तिथे जुनं इंजिन ओढून न्यायचं, हे पहिला गिअर मागतं. आणि जिप्सीचा पहिला 3.652 चा, फार बुटका. 3,000 आरपीएमला 23 किलोमीटर वेग. सपाटीवर याच बॉक्सचं सोनं होतं: 3,000 ला चौथ्यात 84 असतो तिथे पाचव्यात 105. मूळ बॉक्सला पाचवा गिअरच नव्हता.

किनाऱ्यावरच्या गोष्टी वेगळ्या. अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि लोखंडी ब्रॅकेट यांच्यामध्ये खारी हवा शिरली की अॅल्युमिनियम पांढरं होऊन खातं. प्रत्येक बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट धरू न देणारी पेस्ट) लावा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकेक बोल्ट सोडून बघा. इसीयू (इंजिनाचा संगणक) डॅशबोर्डखाली, वर, कनेक्टर खाली तोंड करून. सप्टेंबरमध्ये आयडल वरखाली होऊ लागलं तेव्हा सेन्सरचा दोष समजून वेळ गेला. निघाली इंजिनाची अर्थिंगची पट्टी, आतून हिरवी झालेली. आता दोन पट्ट्या आहेत. पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. कार्बोरेटर ती घाण सोसायचा, इंजेक्टर सोसत नाही. टाकी साफ करून घ्या, इथेनॉलला टिकणारे होज घाला, फिल्टर 2,500 किलोमीटरला बदला, गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. फेरीबोटीवर चढताना, जयगडला ओहोटीच्या वेळी विशेषतः, रॅम्पचा कोन तीव्र असतो. बुटका न केलेला संप तिथे घासतो, म्हणून खाली 3 मिमीची पट्टी हवी.

हे सगळं करण्याआधी दारांखालचे सिल (बॉडीच्या पोकळ कडा) आणि मागच्या पाट्यांचे हँगर स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मिजेटला वेगळी चॅसी नाही, पत्राच चॅसी आहे. सिलच्या मध्याखाली जॅक लावल्यावर दाराची फट बदलत असेल तर इंजिनाचा विचार बाजूला ठेवा, आधी वेल्डिंग. लवचिक बॉडीवर वरची सगळी मापं व्यर्थ आहेत.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत परस्पर फरक करता येत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेतील बदलांबाबत कडक भूमिका घेतली. इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओचं लेखी उत्तर घ्या, विमा कंपनीलाही लेखी कळवा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणी इंजिनात मोठा बदल केलेल्या गाडीला मिळत नाही. म्हणून बॉडीचं काहीही कायमचं कापलेलं नाही. बोगद्याचा (गिअरबॉक्स झाकणाऱ्या मधल्या उंचवट्याचा) वरचा पत्राही बोल्टने सुटा केला आहे, आणि मूळ ए-सिरीज सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लग लावून, जमिनीपासून उंच लाकडी घोडीवर ठेवलंय. महिन्यातून एकदा क्रँक हाताने पाव फेरा फिरवावा लागतो, नाहीतर या हवेत पिस्टनच्या रिंगा धरतात.