दोन वर्षांच्या वापरानंतर: 55 इंची ओएलईडी टीव्ही

रात्री दिवे मालवून चित्रपट पाहताना या टीव्हीचा काळा रंग दोन वर्षांनंतरही मला तितकाच थक्क करतो. एलसीडी संचात पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि त्याचा प्रकाश पूर्णपणे अडवला जात नाही, त्यामुळे तेथील अंधार राखाडी दिसतो. येथे प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि काळ्या जागी चक्क विझतो.

माझी तक्रारही याच गुणातून आली आहे. सासरे दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावतात आणि दीड वर्षातच तिच्या बोधचिन्हाची पुसट छाया कोपऱ्यात कायमची उमटली. जे पिक्सेल अधिक जळतात ते लवकर थकतात, त्यातही निळे आधी. याचे मूळ प्रकाश निर्माण होण्याच्या रीतीत आहे: इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र आले की रेणू उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडू शकते. त्यांच्या दर चार जोड्यांपैकी सरासरी एकच सहज प्रकाश देणाऱ्या सिंगलेट अवस्थेत जाते, उरलेल्या तीन एरवी सहसा प्रकाश न देणाऱ्या ट्रिप्लेट अवस्थेत जातात. कोडॅकमध्ये चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये मांडलेल्या उपकरणाच्या पद्धतीत या तिन्ही जवळजवळ वायाच जात. इरिडियम या धातूच्या संयुगांनी लाल आणि हिरव्या रंगांत त्या कामी लावल्या. निळ्या फोटॉनला (प्रकाशकणाला) मात्र लाल-हिरव्यापेक्षा जास्त, सुमारे 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि अशा दोन उत्तेजित अवस्थांची ऊर्जा एका रेणूवर एकवटली, तर त्याचे बंध तुटू शकतात.

संपूर्ण पडदा पांढरा झाला की संच स्वतःहून तेज उतरवतो, म्हणून बर्फाची दृश्ये मंद वाटतात. आवाज सामान्य आहे.

पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचे टीव्ही येईपर्यंत थांबावे का, असे मला ओळखीचे लोक विचारतात. केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने 2014 मध्ये सामान्य तापमानाला प्रकाशणारी पेरोव्हस्काइट उपकरणे दाखवली. त्यांचे रंग अतिशय शुद्ध असतात, परंतु विजेच्या दाबाखाली त्यांतील आयन (विद्युतभारित कण) जागा सोडतात आणि शिसे वापरावे लागते, त्यामुळे माझ्या मते त्यांच्यासाठी खरेदी लांबवू नये. चित्रपटांसाठी हा संच निःसंकोच घ्यावा. दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात घेऊ नये.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रिमोटने बंद केल्यावर हा संच पिक्सेलांची झीज मोजून ती भरून काढण्याची प्रक्रिया चालवतो, आणि आम्ही रोज रात्री भिंतीवरचे बटण लगेच बंद करत होतो.