'चेक' कुठून आला? एटिमऑनलाइनचा वापर करण्याआधी

शर्ट चेक्सचा, पेपर चेक केला, बँकेत चेक टाकला. तिन्ही ठिकाणी शब्द एकच कसा, असं मुलं हमखास विचारतात. इंग्रजी-मराठी कोश अर्थ देऊन मोकळा होतो. डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं एटिमऑनलाइन हे फुकट संकेतस्थळ मात्र नेमकं याचंच उत्तर देतं.

मूळ शब्द फारसी 'शाह'. बुद्धिबळाच्या पटावर राजा अडचणीत आला की तसं पुकारायचं. अरबी, लॅटिन, फ्रेंच अशी वाट करत इंग्रजीत त्याचा 'चेक' झाला. राजाला शह, मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं. पटाच्या घरांवरून चौकड्यांचं कापड. बँकेतला चेक म्हणजे आधी खोटेपणा पकडायला ठेवलेली स्थळप्रत, मग तो कागदच. त्याच्या ब्रिटिश स्पेलिंगवर 'एक्स्चेकर'ची, म्हणजे सरकारी खजिन्याची छाप आहे. तिथे चौकड्यांचं कापड पसरून हिशेब मांडत. लातूर-नांदेडच्या वर्गात हे समजावणं फारच सोपं, कारण 'शह-काटशह' आणि 'मात' तोंडातलेच शब्द. 'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे हीच 'मात'.

घोळ होतो तो तारखांचा. अंकाआधी 'सी' असेल तर 'सुमारे', अंकानंतर असेल तर 'शतक'. 'लेट १४सी' म्हणजे १३०० ते १४०० या शतकाची अखेर. बरेच जण १४००नंतरचं धरतात. शिवाय ती तारीख इंग्रजी लिखाणात सापडलेल्या जुन्या नोंदीची, शब्दाच्या जन्माची नव्हे. शब्दाआधी फुली-तारा दिसला तर ते रूप अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं आहे, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. नाम आणि क्रियापद वेगळ्या नोंदींत असतात, एकाच रूपाच्या नामांनाही १, २ असे क्रमांक असतात. पहिलीच नोंद वाचून थांबलात तर कापडाचा चेक हाती लागणार नाही.

उच्चार किंवा वाक्यात उपयोग हवा असेल तर इथे येऊ नका, त्यासाठी साधा विद्यार्थी कोशच बरा. स्पेलिंग अचूक टाकावं लागतं, मराठीत काहीच नाही. मराठी बाजू बघायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. त्यात शब्दापुढे कंसात 'पी' असेल तर फारसी, 'ए' असेल तर अरबी, 'एस' असेल तर संस्कृत. आठवीच्या पुढे शिकवणाऱ्यांनी दोन्ही शेजारी उघडून ठेवावेत.