१८ लाखांत जुनी फोर बाय फोर: फॉर्च्युनर, एंडेव्हर की एक्स थ्री?

माझा आतेभाऊ कराडला असतो, शेत पाटणच्या वरच्या अंगाला आणि सासुरवाडी चिपळूण. म्हणजे वर्षभर हायवे, महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट, आणि जून ते ऑक्टोबर शेतापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर नुसता लाल चिखल. त्याला मोठी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणारी जुनी गाडी पाहिजे, घरात सहा माणसं, आणि बजेट मोजून १८ लाख. गेले दोन महिने आम्ही दोघं मिळून गाड्या बघतोय, त्यात जे कळलं ते लिहितो, कारण याच पेचात असलेले बरेच जण मला माहितीयेत.

पहिली गोष्ट, १८ लाख बजेट असेल तर गाडी १५ ची बघा. उरलेले ३ लाख पहिल्या सहा महिन्यांत लागतात, आणि लागतातच. चार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, इन्शुरन्स, ट्रान्सफर. ज्या गाडीची नवी किंमत ३० लाख किंवा ४५ लाख होती तिचा पार्ट ३० लाखांच्या, ४५ लाखांच्या गाडीच्या भावानेच येतो, तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

आता या पैशात समोर साधारण तीन गाड्या येतात. पहिल्या पिढीची टोयोटा फॉर्च्युनर, शेवटच्या वर्षांतली. २०१६ च्या जानेवारीत आलेली फोर्ड एंडेव्हर, ३.२ लिटरवाली. आणि बीएमडब्ल्यू एक्स थ्री, २०१४-१५ च्या आसपासची. ऑडीची क्यू फाइव्ह पण येते, जी आपल्या संभाजीनगरच्या प्लँटमध्ये जोडली जायची, पण खर्चाच्या आणि वापराच्या हिशोबाने ती आणि एक्स थ्री एकाच खात्यात जातात म्हणून वेगळी घेत नाही. चाकणला महिंद्राने जोडलेली सँगयाँगची रेक्स्टन सगळ्यात स्वस्तात मिळते आणि मोह होतो, पण आज तिचा एक सेन्सर शोधायला माणूस चार शहरांत फोन करतो. मित्सुबिशीच्या पजेरो स्पोर्टचंही तेच. गाडी दणकट आहे, पण पार्टसाठी ओळख असेल तरच घ्या.

फॉर्च्युनरचं बोलू. २००९ ला आली, ३ लिटर डिझेल, १७१ पीएस. लोक म्हणतात डोळे झाकून घ्या, आणि इंजिनाच्या बाबतीत ते बरंचसं खरंय. पण २०१२ च्या फेसलिफ्टनंतर टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागची दोन चाकं फिरणारी पण विकायला आली आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे फोनवर मालक काय सांगतो यावर जाऊ नका, आत बसून गिअरच्या शेजारचा दुसरा छोटा दांडा आहे का बघा. तो दांडा असेल तर ती फोर बाय फोर. या पिढीची सिस्टीम फुल टाइम आहे, चारी चाकांना कायम ताकद जाते, रस्त्यावर सुद्धा, आणि मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) लॉक करायची सोय वेगळी. घाटात पावसात हे फार कामाला येतं, गाडी धरून चालते. २०१६ च्या नोव्हेंबरात आलेली नवी फॉर्च्युनर उलट पार्ट टाइम आहे, बटण फिरवून एच फोर, म्हणजे चारी चाकं चालू, करायचं आणि ते फक्त ओल्या-कच्च्या रस्त्यावर, कारण तिला मधला डिफरन्शियल नाही, कोरड्या डांबरावर एच फोर मध्ये वळवली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. हे माहीत नसलेल्या मालकाने वर्षभर तशीच चालवलेली असू शकते. पण नवी पिढी, फोर बाय फोर आणि धड अवस्थेतली, आमच्या १५ लाखांत बसत नाही, म्हणून ती सोडली.

जुन्या फॉर्च्युनरला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आहे, चेन नाही. दीड लाख किलोमीटरला तो बदलायचाच, डॅशबोर्डवर दिवा पण लागतो, आणि तो दिवा बेल्ट न बदलता नुसता रीसेट करता येतो. बाजारातल्या बहुतेक गाड्या नेमक्या याच आकड्याच्या आसपास विकायला निघतात, आता का ते समजून घ्या. बिल मागा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बाकी उणीव म्हणाल तर आतमधून गाडी जुनी वाटते, स्टिअरिंग जड, ब्रेक एवढ्या वजनाला कमी पडतात असं मला प्रत्येक वेळी वाटलं, मागच्या सीटवर खड्ड्यात उडायला होतं, आणि एअरबॅग दोनच. किंमत मात्र उतरत नाही. त्याच पैशात एंडेव्हर दोन-तीन वर्षं नवी मिळते.

आणि एंडेव्हर ही माझ्या मते या तिघांत गाडी म्हणून सगळ्यात चांगली आहे. पाच सिलिंडर, २०० पीएस, ४७० एनएम, घाटात सहा माणसं आणि सामान भरून सुद्धा तिला धाप लागत नाही. टायटॅनियम मॉडेलला सात एअरबॅग, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक, चिखल-वाळू-खडक यासाठी फिरवायचा नॉब, आणि किती खोल पाण्यातून जाता येतं तो कंपनीने दिलेला आकडा ८०० मिलिमीटर. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्याने कराडच्या बाजारात सुद्धा हलकी फिरते, माझ्या वहिनीने पहिल्यांदाच चालवली आणि पाच मिनिटांत सराईत झाली. हिच्यातही टू व्हील ड्राइव्ह आहेत, विशेषतः २.२ लिटरमध्ये, तेव्हा नॉब आणि लो रेंजचं (हळू पण जास्त जोराने ओढणाऱ्या गिअरचं) बटण बघूनच पुढे बोला.

मग लोक घाबरतात का? फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात भारतात गाड्या बनवणं बंद करतोय असं जाहीर केलं म्हणून. सर्व्हिस आणि पार्ट चालू आहेत, पण वर्कशॉप कमी झालीयेत, आणि जे कमी झालंय ते तुमच्याच जिल्ह्यातलं असेल तर तुम्हाला त्याचा त्रास आहे. म्हणून एंडेव्हर बघायला जायच्या आधी एक काम करा, घरापासून दोन तासांच्या आत कोण हे इंजिन खोललेला मेकॅनिक आहे तो शोधा आणि त्याला जाऊन भेटा. आणि त्याला एकच प्रश्न विचारा, ऑइल बदलताना चेंबर किती वेळ रिकामा ठेवतोस? या २.२ आणि ३.२ इंजिनाच्या ऑइल पंपाची एक खोड आहे, जुनं ऑइल काढून जास्त वेळ तसंच ठेवलं तर पंपातलं ऑइल पण उतरतं आणि स्टार्ट केल्यावर पंप ऑइल ओढतच नाही, इंजिन कोरडं फिरतं आणि बसतं. त्यामुळे काढलं की दहा मिनिटांच्या आत नवीन ओतायचं. बाकीच्या गाड्यांसारखं रात्रभर निथळत ठेवणारा मेकॅनिक कितीही प्रेमाने काम करत असला तरी या गाडीला चालत नाही. आम्हाला कराडमध्येच एक माणूस भेटला ज्याने प्रश्न पूर्ण व्हायच्या आत सांगितलं, ‘साहेब, फिल्टर आधी काढून तयार ठेवतो, ऑइलचे डबे उघडून ठेवतो, मगच नट सोडतो.’ एवढं ऐकल्यावर माझी अर्धी काळजी गेली.

एक्स थ्री. चालवायला हिच्यासारखी दुसरी नाही, हे मान्यच. आठ गिअरचा ऑटोमॅटिक लोण्यासारखा, हायवेला गाडी जमिनीला चिकटून जाते, आत बसल्यावर पैसे कुठे गेले ते कळतं. पण ही लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या दणकट सांगाड्यावर बसवलेली गाडी नाही, लो रेंज नाही, पाण्याचा आकडा ५०० मिलिमीटर, आणि सीटं पाचच, म्हणजे भावाच्या घरातला एक माणूस पहिल्याच दिवशी घरी राहणार. ज्यांना शेत नाही, ज्यांचं पुणे-मुंबई, पुणे-गोवा आणि कधीतरी ताम्हिणी आहे, चार माणसं आहेत, त्यांनी जरूर बघा, पण २०१४ च्या फेसलिफ्टनंतरची, १९० पीएसची बघा. त्याआधीच्या १८४ पीएसच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन ताणली जाते हे जगभर गाजलेलं दुखणं आहे आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे ती बदलायला इंजिनच खाली उतरवावं लागतं. थंड इंजिन स्टार्ट करा, इंजिनाच्या मागून, पुढच्या काचेच्या खालच्या बाजूने घासल्यासारखा खरखर आवाज आला तर निघा. आणखी एक, बीएमडब्ल्यूत एसड्राइव्ह म्हणजे दोन चाकं, एक्सड्राइव्ह म्हणजे चार. एक्स वन मध्ये एसड्राइव्ह खूप विकल्या गेल्यात, नुसतं एक्स बघून फोर बाय फोर समजू नका. मर्सिडीजच्या जीएलएचं आणि ऑडी क्यू थ्रीचं पण तसंच, कित्येक गाड्यांची पुढचीच दोन चाकं फिरतात.

टायरचं थोडं सविस्तर सांगतो कारण मी स्वतः यात पोळलोय. तीन वर्षांपूर्वी मी एक ऑल व्हील ड्राइव्ह घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. पुढचे दोन टायर कोरे करकरीत, मागचे अर्धे झिजलेले, आणि मला वाटलं चला, दोन टायरचा खर्च वाचला. चार महिन्यांनी पार्किंगमध्ये वळवताना गाडी झटके द्यायला लागली, जसं कुणी मागून ओढून धरतंय. नवा टायर मोठा, झिजलेला लहान, फरक दोन-चार मिलिमीटरचा असतो पण पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या गतीने फिरतात, आणि मधला क्लच तो फरक सांभाळत सांभाळत जळतो. बिल १ लाख ९० हजार. म्हणून आता मी बॉनेट नंतर उघडतो, आधी गुडघ्यावर बसून चारी टायरची कंपनी, मॉडेल, बनवल्याचा आठवडा-वर्ष आणि नक्षीची खोली बघतो. चारी सारखे नसतील तर चार टायरचे पैसे किमतीतून वजा करा आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल कधी बदललं ते विचारा.

पुराची गाडी ओळखणं आपल्या भागात तर फारच गरजेचं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण, किती गाड्या पाण्यात गेल्या आपण डोळ्यांनी बघितलंय. आम्ही एक फॉर्च्युनर बघितली, पॉलिश इतकं की तोंड दिसत होतं, आतमध्ये अत्तराचा घमघमाट. भावाने मागच्या सीटचा बेल्ट धरून ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला, आणि शेवटच्या फूटभरावर पट्ट्याला आडवी तपकिरी रेघ, हाताला बारीक माती लागली. सीटच्या खालची पटरी टॉर्च लावून बघितली तर गंज. काही न बोलता चावी परत दिली.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, त्याला कारण १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरच्या तिथल्या बंदीच्या नियमाची धास्ती. गाड्या वाईट असतात असं नाही, कोरड्या हवेमुळे चेसिसला गंज कमी असतो, पण तिथून एनओसी, बँकेचं लोन असेल तर ते काढल्याचं पत्र, इथे पुन्हा पासिंग आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आपल्याकडे २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला तो १५ टक्के आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण स्वस्तातली गंमत बऱ्यापैकी तिथेच संपते. आधी आरटीओतून आकडा काढून घ्या, एजंटच्या तोंडी हिशोबावर टोकन देऊ नका. एमएच पासिंगच असेल तर मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, पेंडिंग चलन आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी नंबर प्लेट बसवलीये का तेवढं बघा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या.

तर आमचं ठरलंय एंडेव्हर ३.२ फोर बाय फोर, एमएच ५०, ११ किंवा १२, म्हणजे कराड, सातारा किंवा पुणे पासिंगची. आत्या अजून म्हणते फॉर्च्युनरच घे, विकताना पैसे येतील, आणि ते खोटं नाहीये, दोन-तीन वर्षांत विकायची असेल किंवा जवळ मेकॅनिक नसेल तर मी पण तेच सांगेन. पण भाऊ गाडी आठ-दहा वर्षं ठेवतो, रात्रीबेरात्री पोरांना घेऊन कुंभार्ली उतरतो, आणि तिथे मला त्याच्या दारात सात एअरबॅगवाली गाडी उभी असलेली बरी वाटते. रविवारी साताऱ्याची एक बघायला चाललोय, १ लाख १० हजार चाललेली, दुसरा मालक. मालकाला आधीच सांगितलंय की गाडी आमच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढेल, कच्च्या रस्त्यावर लो रेंज टाकून बघू, आणि त्यानंतरच पैशाचं बोलू. तो हो म्हणालाय.