खासगी की राइट टू चूज? इंग्लंडमध्ये एडीएचडीची तपासणी आणि औषधाचा डोस बसवणे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मोठेपणी एडीएचडीची (लक्ष न टिकणे, चंचलपणा आणि उतावळेपणा असलेल्या स्थितीची) तपासणी करून घ्यायची असेल, तर खरे रस्ते दोनच. स्थानिक एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) क्लिनिकची प्रतीक्षायादी आहे, पण बऱ्याच भागांत ती वर्षांच्या हिशेबात चालते, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. पहिला रस्ता म्हणजे खिशातून पैसे भरून खासगी तपासणी. दुसरा राइट टू चूज. त्यात तुम्ही संस्था निवडता, जीपी (तुमचा नोंदणीचा फॅमिली डॉक्टर) तिकडे पाठवतो आणि बिल एनएचएस भरते. संस्था बहुतेक वेळा खासगीच असते. मी दुसरा रस्ता घेतला आणि आजही तोच घेईन. पण सगळ्यांनी तोच घ्यावा असे म्हणणार नाही.

हा अधिकार फक्त इंग्लंडमधल्या जीपीकडे नोंद असलेल्यांना आहे. एडिंबरा, कार्डिफ किंवा बेलफास्टला राहणाऱ्यांना तो लागू नाही. व्हिसावर असलात तरी अडचण येत नाही. वर्षाला सहसा १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबतचे आरोग्यशुल्क) आधीच भरलेला असतो, त्यामुळे हे काही फुकट मागणे नव्हे.

तपासणीच्या दर्जात मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे आधी एएसआरएस ही लक्षणांची १८ प्रश्नांची यादी भरून घेतात आणि मग बहुतेक ठिकाणी डिवा-५ या मुलाखतीच्या साच्यावर एक ते दोन तासांचे बोलणे होते. निकषही तेच: प्रौढाला दोनपैकी एका गटातली (लक्ष न लागणे, किंवा चंचलपणा-उतावळेपणा) नऊपैकी किमान पाच लक्षणे हवीत, त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावीत आणि त्रास एकाहून जास्त ठिकाणी जाणवत असावा. अनेकदा तेच तज्ज्ञ दोन्ही प्रकारचे रुग्ण बघतात. पैसे भरले म्हणून निदान सोपे होत नाही, आणि व्हायलाही नको.

आपल्या लोकांचे घोडे अडते ते बारा वर्षांआधीच्या पुराव्यावर. आई-वडील सांगली-साताऱ्याला आणि तुमच्या लहानपणाची माहिती देणाऱ्याने भरायचा फॉर्म इंग्रजीत. आईला फोनवर 'तुमच्या मुलाचे लक्ष लागत नसे का' असे थेट विचारले, तर 'नाही हो, हुशार होता' असेच उत्तर येते. त्याऐवजी प्रसंग विचारा: डबा, छत्री, कंपास किती वेळा हरवले, गृहपाठ कोण समोर बसून करून घ्यायचे, वर्गात जागा कोणी बदलली. घरी जुनी प्रगतिपुस्तके असतील तर शेऱ्याच्या रकान्याचे फोटो मागवा. 'हुशार आहे पण चंचल', 'लक्ष देत नाही', 'अक्षर सुधारावे' असे शेरे दोन-तीन इयत्तांत सलग आले, तर त्यांचे वजन मोठे असते. खाली इंग्रजी अर्थ लिहून ते मुलाखतीच्या आधी पाठवा. भारतात पूर्वी निदान झाले असेल तर तो अहवालही जोडा, पण त्यावरच इथे औषध सुरू होईल असे धरू नका. बहुतेक ठिकाणी पुन्हा तपासणी करतात.

वेळेत खासगी सरळसरळ पुढे आहे. काही आठवड्यांत तारीख मिळते. राइट टू चूजमध्ये महिने लागतात, काही संस्थांकडे वर्षाच्या वर. २०२५ पासून काही इंटिग्रेटेड केअर बोर्डांनी (एनएचएसचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या मंडळांनी) या संस्थांच्या कामावर मर्यादा घातल्याने एकाच संस्थेची प्रतीक्षा तुमच्या पोस्टकोडप्रमाणे वेगळी असू शकते. संस्थेला विचारताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. तपासणीला किती वेळ? निदानानंतर औषध सुरू व्हायला किती वेळ? आणि मुळात तुमच्या करारात औषधोपचार आहे का, की नुसती तपासणी? तिसरा प्रश्न बरेच जण विसरतात. काही करार फक्त तपासणीचे असतात, मग निदानाचा कागद हातात येतो आणि औषधासाठी दुसरी रांग सुरू होते.

जीपीकडे जाताना भरलेला एएसआरएस आणि निवडलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावरचे रेफरलचे पत्र घेऊन जा. रेफरल योग्य नाही असे वैद्यकीय कारण जीपी देऊ शकतो. 'आमच्याकडे हे करत नाहीत' हे मात्र कारण होत नाही. नेहमी होणारी चूक म्हणजे रिसेप्शनवरून रेफरल सवयीने स्थानिक क्लिनिकलाच जाते आणि ते कळेपर्यंत बराच काळ निघून जातो. पाठवलेल्या पत्राची प्रत मागा आणि दोन आठवड्यांनी संस्थेला फोन करून ते पोचल्याची खात्री करा.

खासगी तपासणीचे साधारण ५०० ते १,५०० पौंड होतात. हा आकडा सगळे विचारतात, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

डोस बसवणे, म्हणजे इथल्या भाषेत टायट्रेशन, दोन्हीकडे नाइस या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणेच चालते. प्रौढांना आधी लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन किंवा मेथिलफेनिडेट. पहिले ३० मिलिग्रॅमपासून सुरू होते, किमान आठवड्याच्या अंतराने २०-२०ने वाढते आणि ७०ला थांबते. मेथिलफेनिडेटमध्ये कॉन्सर्टा एक्सएल हा ब्रँड १८पासून १८-१८ने चढते. ही दोन्ही चालली नाहीत तर अ‍ॅटोमॉक्सेटिन: ४० मिलिग्रॅमने सुरुवात, किमान आठवड्याने ८०कडे, आणि परिणाम कळायला चार ते सहा आठवडे. आकडे वाचून स्वतः डोस बदलू नका. पुढची पायरी कधी घ्यायची हे नाडी, रक्तदाब आणि तुमची नोंद पाहून प्रिस्क्रायबर (औषध लिहून देणारा) ठरवतो.

म्हणून नोंद नीट हवी. दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र घ्या, मनगटाचे नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसा, दोनदा मोजा आणि दुसरा आकडा लिहा. जिना चढून किंवा चहा पिऊन लगेच मोजले की आकडा चढतो, क्लिनिक डोस थांबवते आणि आठवडा वाया जातो. चहा-कॉफी एकदम बंद करण्यापेक्षा रोज तेवढीच आणि त्याच वेळी घ्या, म्हणजे धडधड औषधाची की चहाची हा गोंधळ राहत नाही. बसलेले असताना नाडी सतत १२०च्या वर राहिली किंवा ठोका चुकतो असे वाटले, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडलात तर थेट ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

नोंदीत 'बरे वाटले' असे लिहून कोणालाच काही कळत नाही. गोळी किती वाजता घेतली, परिणाम किती वाजता जाणवला, किती वाजता उतरला, दुपारचे जेवण झाले का, झोप कधी लागली, एवढे पुरे. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन उशिरा घेतले तर झोप जाते, म्हणून ते सकाळीच. मेडिकिनेट एक्सएल (मेथिलफेनिडेटचाच दुसरा ब्रँड) पोटभर नाश्त्यासोबतच घ्यायचे असते. उपाशीपोटी ते लवकर सुटते, सकाळी जोर येतो आणि दुपारी काहीच उरत नाही. चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात ही गोष्ट हमखास निसटते, तेव्हा उपवास असतील तर आधीच सांगा. बायकांना पाळीआधीच्या दिवसांत तोच डोस कमी पडल्यासारखा वाटू शकतो. त्या एका आठवड्यावरून डोस वाढवण्यापेक्षा नोंदीत पाळीच्या तारखा लिहाव्यात.

मेथिलफेनिडेट असेल तर प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडचे नाव हवे. कॉन्सर्टात साधारण पाचवा हिस्सा लगेच सुटतो, मेडिकिनेटमध्ये निम्मा. मिलिग्रॅम सारखे असले तरी दिवस सारखा जात नाही. महिनाभर ठीक चाललेले औषध एकाएकी 'चालेनासे' झाले, तर आधी डबीवरचे नाव बघा.

इथपर्यंत दोन्ही रस्ते एकच. फरक पडतो तो प्रिस्क्रिप्शनच्या कागदात. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट ही शेड्यूल २ म्हणजे कडक नियमांची नियंत्रित औषधे आहेत: प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालते आणि एका वेळी सहसा ३० दिवसांपेक्षा जास्त माल देत नाहीत. राइट टू चूजमध्ये ते बहुतेकदा इलेक्ट्रॉनिक येते. एका फार्मसीत ५० मिलिग्रॅम नसेल तर ती ते परत सोडते आणि दुसरी ओढून घेते. खासगीत वेगळा गुलाबी कागद लागतो आणि मूळ प्रतच लागते, फोटो किंवा स्कॅन चालत नाही. तो टपालाने फार्मसीत जातो आणि तिथे नेमकी ती ताकद नसली की कागद तिथे, औषध भलतीकडे, तुम्ही मधे. २०२३च्या सप्टेंबरपासून या औषधांची देशभर टंचाई झाली तेव्हा या फरकाची किंमत अनेकांना कळली.

शिवाय खासगीत प्रत्येक भेटीचे, प्रत्येक प्रिस्क्रिप्शनचे आणि प्रत्येक डबीचे वेगळे पैसे लागतात. २८ कॅप्सूलची एल्व्हान्सची (लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिनचा ब्रँड) डबी एनएचएसलाच ताकदीप्रमाणे साधारण ५८ ते ८३ पौंडांना पडत आली आहे, खासगी फार्मसी त्यावर आपले लावते. याचा वाईट परिणाम म्हणजे माणूस पैशाकडे बघून डोस ठरवतो. ५०वर भूक मेलेली असते, ४० करून बघायला हवे असते, पण अजून एक भेट आणि अजून एक डबी नको म्हणून 'चालतंय' असे सांगून तो तिथेच थांबतो. राइट टू चूजमध्ये उलटा त्रास आहे. पोर्टलवर निरोप टाका आणि उत्तराची वाट बघत त्याच डोसवर आठवडे काढा. त्रासदायकच आहे, पण घाईने चुकीच्या डोसवर स्थिरावण्यापेक्षा मला तो परवडतो.

माझ्यासाठी निर्णय मात्र शेअर्ड केअरने केला. डोस स्थिरावला की क्लिनिक जीपीला पत्र पाठवते: यापुढे औषध तुम्ही लिहा, वर्षातून एकदा आम्ही तपासू. जीपीवर ते स्वीकारण्याचे बंधन नाही. जो सही करतो त्याची जबाबदारी, हे त्यांचे म्हणणे चूक नाही, आणि खासगी क्लिनिकचे पत्र आले की बऱ्याच सर्जरी (जीपींचे दवाखाने) सरळ नाही म्हणतात. कधी अहवाल तोकडा असतो, कधी स्थानिक धोरण आडवे येते, कधी या कामाचे पैसेच मिळत नसतात. खासगी रुग्णाला असा नकार आला की तो दरमहा औषधाची पूर्ण किंमत, प्रिस्क्रिप्शनची फी आणि तपासणीची फी भरत राहतो. वर्षाला हजार पौंडांच्या वर सहज जातात, आणि औषध चालू आहे तोवर हे संपत नाही.

नकार राइट टू चूजमध्येही येतो. पण तेव्हा संस्था साधारणपणे एनएचएसच्या खात्यावरच औषध लिहीत राहते. तुम्ही मे २०२४ पासून लागू असलेले दर औषधामागचे ९.९० पौंड भरता, किंवा वर्षाचे ११४.५० पौंडांचे प्रीपेमेंट प्रमाणपत्र काढता. मात्र नकार आल्यास संस्था औषध चालू ठेवते का, हे नाव निवडण्याआधी लेखी विचारून घ्या.

त्यात आपल्या लोकांचे घर बदलणे आले. प्रोजेक्ट संपला की रेडिंगहून मिल्टन कीन्स, तिथून लीड्स. शेअर्ड केअर जुन्या जीपीशी असते, नवा जीपी पहिल्यापासून विचार करतो. जुन्याने होकार दिला म्हणून नवा देईलच असे नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला खासगी निदानाचा हा धोका दर दोन वर्षांनी नव्याने येतो.

तरी खासगी कोणी घ्यावे? ज्यांना औषध नकोच, फक्त निदान हवे आहे, त्यांनी. कामावर रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट (कामाच्या पद्धतीत सोयीचे बदल) मागायला औषध घेणे गरजेचे नाही, आणि परीक्षा किंवा प्रोबेशन तोंडावर असेल तर ते महिने फार मोलाचे असतात. स्कॉटलंड-वेल्समध्ये राहणाऱ्यांपुढे पर्यायही कमी आहेत. आणि वर्षभरात कायमचे भारतात परतणाऱ्यांनी. त्यांनी डॉक्टरांशी बोलून मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिनवरच डोस बसवावा, कारण ती भारतात मिळतात, लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन मिळत नाही.

खासगी जायचे ठरलेच तर पैसे भरण्याआधी सर्जरीला ईमेल करा, फोन नको. त्यात क्लिनिकचे नाव, केअर क्वालिटी कमिशनची (आरोग्यसंस्थांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची) नोंदणी आणि निदान करणाऱ्याचा जीएमसी (डॉक्टर) किंवा एनएमसी (नर्स) नोंदणी क्रमांक लिहा आणि एवढेच विचारा: या क्लिनिकशी शेअर्ड केअर स्वीकाराल का, आणि अहवालात काय असायला हवे? होकार आला तर ते उत्तर जपून ठेवा आणि अहवाल त्याच अटींप्रमाणे मागा. 'निदान झाल्यावर बघू' असे उत्तर आले, तर मी त्याला नकारच समजेन आणि त्याच आठवड्यात राइट टू चूजचे पत्रही जीपीकडे देऊन ठेवेन. खासगी तपासणीआधी रांगेत नाव लागलेले असले, तर पुढे नकार आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. फक्त संस्थेपासून खासगी निदान लपवू नका. औषध आधीच चालू असेल तर डोस, तारखा आणि रक्तदाबाच्या नोंदी त्यांना पहिल्याच दिवशी द्या.